‘स्वेच्छेने’ या शब्दाखाली

"कार्गो सेफ आहे. फक्त एक क्रू गेला."

जहाज कंपनीचा साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होता. तो एक क्रू म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी आणि पप्पा साहेबाच्या समोरच, टेबलाच्या अलीकडे बसलो होतो. भावाला जाऊन अकरा दिवस झाले होते.

उल्हासनगरला पोरांना जहाजावर पाठवणाऱ्या एका एजंटचं ते ऑफिस. त्यानंच बोलावून घेतलं होतं. आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या. साहेब बूट घालून बसला होता. फोन ठेवून त्यानं आडनाव विचारलं. पप्पांनी सांगितलं. मग मूळ गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. तेही पप्पांनी सांगितलं. साहेब खुर्चीत मागे रेलला.

"अच्छा. मग तुम्हाला सरकारकडूनही मिळेलच की काहीतरी. तुमच्यात सगळं मिळतं ना."

पप्पा हसले. अकरा दिवसांपूर्वी पोरगा गेलेला माणूस हसला. अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली काढली त्यांनी. तिथलं ते हसू. लहानपणापासून बघतेय मी. त्या दिवशी मला त्याची किळस आली. मग स्वतःचीच आली.

आम्ही बदलापूरचे, हेंद्रेपाड्यात राहतो. भावानं आयटीआय केलं, फिटरचं. इथल्या कारखान्यांत सहा-सहा महिने ठेवायचे आणि काढायचे. म्हणून तो जहाजावर गेला. इंजिनाच्या खोलीत तेल पुसायचं काम. व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवायचा. एकदा म्हणाला, जहाजावर झेंडा एका देशाचा आहे, मालक दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा. "आणि ताई, तेल पुसायला आपण."

मी उल्हासनगरात जीन्स शिवते. खिसे लावते. आमचा माल परदेशात जातो. भाऊ गेला त्या आठवड्यात शेठनं मशीनं बंद करायला लावली. म्हणाला, समुद्रात जहाजांवर ड्रोन मारतायत, एवढा माल तिकडून कोण पाठवेल, थांबू या. आम्हा बायकांना घरी पाठवलं.

जीन्ससाठी थांबले. हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, आणि आता कळायचं थांबत नाही.

तीन दिवसांनी भावाचा व्हॉइस मेसेज आला. मागे इंजिनाची घरघर. "ताई, ड्रोन मारतायत ना, उद्या त्याच पट्ट्यातून जातोय. आम्हाला कुणी विचारलं नाही, नुसती नोटीस लावली. उतरायचं म्हटलं तर म्हणे पुढच्या बंदरात बघू. मम्मीला सांगू नको."

मी नाही सांगितलं. त्याला लिहिलं, काळजी घे. जहाजाच्या पोटात, पाण्याखाली उभा असलेला माणूस कसली काळजी घेणार? पण मी तेवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ड्रोन इंजिनाच्या बाजूलाच आदळलं. आग लागली. त्याचं काहीच घरी आलं नाही. फोटोसमोर जलदान विधी केला. मम्मी पूर्ण वेळ दाराकडे बघत होती.

एक टीव्हीवाला आला. मला म्हणाला, मॅडम, बदला पाहिजे असं बोला, थोडं जोरात बोला. माझ्या बाजूच्या मशीनवर बसणारी रुखसाना त्याच दिवशी मम्मीला भेटायला आली होती. खालची पोरं तिच्याकडे बघून काहीतरी बोलली. तिनं ऐकलं. जिना चढून आली आणि मम्मीच्या पायाशी बसून राहिली. मी टीव्हीवाल्याला जायला सांगितलं.

ज्यानं ते ड्रोन सोडलं त्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. कुठल्या देशाच्या, कुठल्या देवाच्या नावानं सोडलं, मला ऐकायचं नाही. पण त्याला माझ्या भावाचं नाव माहीत नव्हतं. ज्यांनी जहाज तिथून नेलं त्यांना माहीत होतं. त्याचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता.

तर, ते ऑफिस. एजंटनं तीन पानं पुढे ठेवली. इंग्रजीत. पेन पप्पांच्या हातात दिलं आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. साहेब त्याला इंग्रजीत म्हणाला, हे लोक वाचणार नाहीत, जेवायच्या आधी उरकून घे.

मी बी.कॉम. आहे. जीन्स शिवणारी बाई बी.कॉम. असू शकते हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मी पानं ओढून घेतली आणि वाचली. दुसऱ्या पानावर होतं, मृत कर्मचाऱ्याने धोक्याची पूर्ण कल्पना असताना स्वेच्छेने प्रवास केला. कुटुंबाला हे मान्य आहे. कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही.

पप्पांच्या हातातलं पेन मी काढून घेतलं.

साहेब समजावायला लागला. आता त्याचा आवाज गोड झाला. "ताई, दहशतवाद आज सगळ्या जगात आहे. त्याला कंपनी काय करणार?"

मी फोन टेबलावर ठेवला आणि भावाचा आवाज लावला. पूर्ण. पप्पांनी तो पहिल्यांदाच ऐकला. ते फोनकडे असे बघत होते, जणू आत पोरगा आहे आणि कुणीतरी दार उघडायला हवं.

"त्याला कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "विचारलं होतं असं मी लिहून देणार नाही."

एजंट म्हणाला, सही के बिना कुछ नहीं मिलेगा. पप्पा हळूच म्हणाले, "कर ना गं सही. आपल्याला कोण विचारतं?"

मी उठले. ते मागून आले. जिन्यात त्यांना चपला घालता येईनात. मी खाली बसून घातल्या. तेव्हापासून माझ्याशी फारसं बोलतच नाहीत.

त्या संध्याकाळी मम्मीलाही मेसेज ऐकवला. आता लपवून काय करायचं होतं? तिनं दोनदा ऐकला. मग म्हणाली, "मला तेव्हाच सांगायचंस. मी फोन केला असता. बोलली असती त्याच्याशी."

मी तो मेसेज तिच्या फोनवर पाठवला.

मशीनं पुन्हा सुरू झाली. मी खिसे लावते. वकील मिळाला, तक्रार दिली. कंपनी म्हणते, केस करायची तर आमच्या देशात येऊन करा, जहाज तुमच्या देशाचं नाही. वकील म्हणतो, लढता येईल. तक्रारीत मी एकच गोष्ट ठामपणे लिहिलीय, तो स्वेच्छेने गेला नाही, त्याला नेलं गेलं. खाली माझी सही आहे. पप्पांनी केली नाही.

गेल्या आठवड्यात एजंटचा फोन आला. म्हणाला, कशाला दमता, ही केस दहा-पंधरा वर्षं चालेल.

"चालू दे," मी म्हटलं. "मी एकतीस वर्षांची आहे."