वाघाटीचं बाळंतपण

शहराबाहेरच्या पैदास केंद्रात वाघाटी सांभाळणारा माणूस मला दर रविवारी भेटतो. वाघाटी हे नावात वाघ असलेलं, पण घरच्या मांजराहून लहान रानमांजर. हा सिल्लोडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बोलतो इतकं हळू, की ऐकणाऱ्याचाही आवाज उतरतो.

मागच्या खेपेला गडबडीनं बिथरून मादीनं पिल्लं खाल्ली होती. यंदा ती व्याली आणि तिसऱ्याच दिवशी पाहुणे हारतुरे, ताशा घेऊन वाघाटी विभागाच्या उद्घाटनाला आले. सगळे कर्मचारी नव्या गणवेशात. हा कुबट शर्टात तिच्या पिंजऱ्याच्या दाराला कुलूप घालून उभा.

"नवा ड्रेस कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"तिला ह्योच वास ओळखीचा हाय, साहेब."

"बरं, पाहुण्यांना दोन मिनिटं पिल्लं दाखव."

"नाय जमायचं. आमच्यात व्यालेल्या मेंढीपाशी जावयालाबी जाऊ देत नाहीत."

शेवटी फीत फाटकावरच कापली गेली. न पाहिलेल्या मांजरावर पाहुणे अर्धा तास बोलले. याला मेमो मिळाला.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "मेमोचं उत्तर लिहून देतो."

"दोन्ही पिल्लं दूध पित्यात, सर," तो म्हणाला. "डोळं उघडू द्या त्यांचं, मग लिहू."