डावीकडची कळी

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळं पाटी वाचायला मला वेळ लागतो. आमच्या देवराईत, नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर वनखात्यानं लावलेली पाटी मी बोट फिरवत दोनदा वाचली. देवाचा कौल घेतल्याशिवाय इथली काडीही कुणी तोडत नसे, शेजारचं खोड कौल घेऊनच तोडलेल्या ऐनाच्या झाडाचं आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.

तो ऐन मी तोडला होता.

वेल्ह्याच्या बाजूची ही राई आता राखीव झाली आहे. नदीकाठानं फरशीची वाट, जुन्या वीरगळांना कठडा, शेकरूच्या घरट्याखाली ‘शांतता राखा’. मुलाकडं भोरला राहायला गेल्यापासून मी तिकडं फिरकलो नव्हतो. या उन्हाळ्यात एसटीनं एकटाच गेलो. वाट दाखवायला वनखात्यानं गावातलीच एक सून ठेवली आहे.

"आबा, चपला पायात ऱ्हाऊ द्या. फरशी तापलीया," ती म्हणाली.

मी राईच्या शिवेच्या दगडापाशी काढल्याच.

घर बांधायला काढलं तेव्हा आढ्याला लाकूड हवं होतं. रीत अशी, की देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव आजारी होता म्हणून मीच लावल्या. डावी पडली. बाहेर थांबलेल्या लोकांना मी सांगितलं, उजवी पडली. बायको माझ्या मागंच उभी होती.

गावात तिनं तोंड उघडलं नाही. घरी म्हणाली, "देवाम्होरं जावा आन् चुकलं म्हना."

"एवढी झाडं हायती. देवाला काय कमी पडतंय?"

त्यानंतर ती राईत शिरली नाही. दर जत्रेला शिवेच्या दगडावर माझ्या चपला घेऊन बसायची. मी बाहेर आलो की विचारायची, "म्हनलासा का?"

"न्हाई."

"बरं," म्हणून चालू लागायची. ती गेली तेव्हा तिला त्याच आढ्याखाली ठेवली होती. मी वर बघितलं नाही.

"तुमच्या वक्ताची गोष्ट न्हवं ही, आबा? खरी हाय का?" पाटीकडं बोट करून वाट दाखवणाऱ्या सुनेनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. एवढ्या वर्षांनीही जीभ तशीच वळली.

माघारी आलो. शिवेच्या दगडाजवळ आता बाक टाकलाय. चपला घालायला बसलो आणि पाय काही पुढं होईना. तसाच अनवाणी परत गेलो.

"पोरी, डावी कळी पडली हुती. म्या गावाला खोटं सांगितलं. ती पाटी बदला."

तिनं खोडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "येडं करताय व्हय मला?"

"न्हाई."

तिनं पदर सारखा केला. "सायबास्नी इचारावं लागंल, आबा."

"इचार. म्याबी इचारलंच हुतं."

मग देवापुढं जाऊन चुकलं म्हणालो. पाटी वाचायला लागला त्याहून कमी वेळ लागला. बाहेर आलो तर चपला बाकाखाली एकट्याच पडल्या होत्या.