डाव्या डोळ्याची पापणी

गेल्या वीस वर्षांत माझे एक लाख फोटो निघाले आहेत. थाप मारत नाही, गणित केलं आहे. आठवड्याला पाच लेन्स, प्रत्येक लेन्सला वीस फोटो आणि वर्षाचे पन्नास आठवडे. दोन आठवडे मी माहेरी जाते, ते वगळले. या एक लाखातला एकही फोटो घरात नाही. ज्यांनी काढले त्यांनीच पुसले. काढणारे म्हणजे आमचे हे.

यांचा धंदा लेन्सदुरुस्तीचा. हल्ली कॅमेरा स्वतःच लेन्स पुढेमागे सरकवून समोरचा चेहरा स्पष्ट करतो, त्याला ऑटोफोकस म्हणतात, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. भर उजेडात हे काम कुठलीही लेन्स करते. खरी कसोटी मिणमिणत्या उजेडात लागते. तिथे कॅमेऱ्याला चेहरा कुठे संपला आणि मागची भिंत कुठे सुरू झाली तेच उमगत नाही. लेन्स घुर्र घुर्र करत चाचपडत राहते, आणि तोवर नवरी हसून मोकळी झालेली असते. अशा अंधारात गडबडणाऱ्या लेन्स लांबलांबून यांच्याकडे येतात. धंद्यातले लोक यांना अंधारडॉक्टर म्हणतात. हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही, असं हे सांगतात. पण फोनवर कोणी ‘अंधारडॉक्टर आहेत का’ असं विचारलं, की यांचा आवाज कसा भारदस्त होतो ते मी रोज ऐकते.

घराची पुढची खोली म्हणजे यांचा कारखाना. टेबलावर हिरवं रबर, त्यावर चिमटे, ब्रश, आणि स्क्रू ठेवायला आमच्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रे. तो ट्रे मी अकरा वर्षं परत मागते आहे. प्रत्येक खणात एकेका लेन्सचे स्क्रू असतात, आणि कुठला खण कुणाचा हे यांच्याशिवाय कुणाला कळत नाही. एरवी हा माणूस अगदीच गबाळा. गॅसवरचं दूध यांच्या डोळ्यांदेखत उतू जातं. चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधतात. मात्र केसाच्या जाडीएवढी फट कुठे राहिली असेल तर ती यांना बोटाच्या टोकाला कळते.

लेन्स जोडून झाली की परीक्षा. त्यासाठी मागची कोठीची खोली आहे. खिडकी नाही, एक दिवा, आणि त्या दिव्याला बटर पेपरचे चार पदर गुंडाळून उजेड जेमतेम ठेवलेला. समोर एक स्टूल. त्या स्टुलावर मी. सुरुवातीला यांनी रेघारेघांचा छापील तक्ता भिंतीवर लावून पाहिला. पण कागदाचं यांच्याशी जमलं नाही. यांचं म्हणणं असं की कागद चिकटून बसतो, माणूस श्वास घेतो, आणि गिऱ्हाईक फोटो माणसांचे काढतं. तेव्हापासून मी ग्रंथालयातून घरी आले, चहा झाला, की अर्धा तास स्टुलावर. हे वीस फोटो काढतात, दर वेळी लेन्सचा फोकस मुद्दाम हलवून तिला माझा चेहरा पुन्हा शोधायला लावतात. मग छोट्या पडद्यावर एकेक फोटो मोठा करत नेतात, मोठा, आणखी मोठा, शेवटी माझ्या डाव्या डोळ्याच्या पापणीपर्यंत. केस न् केस सुटा दिसला तर बरोबर. “वीसपैकी अठरा,” असं काहीतरी पुटपुटतात आणि सगळे फोटो पुसून टाकतात.

मी कशी दिसते, हे या वीस वर्षांत यांनी एकदाही सांगितलं नाही. डावी पापणी मात्र यांना तोंडपाठ आहे.

त्याचं मला फार काही वाटत नव्हतं. वाटलं ते या वर्षी, माझ्या निवृत्तीच्या वेळी. आमच्या ग्रंथालयात जिन्याजवळच्या भिंतीवर निवृत्त झालेल्या सगळ्यांचे फोटो लावतात. मला निरोप पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होता, आणि मुख्य ग्रंथपाल बाईंनी फोटो मागितला. मी घरी येऊन कपाटं धुंडाळली. लग्नातला एक होता, त्यात मी अर्धी एका पाहुण्याच्या खांद्यामागे. ओळखपत्रावरचा होता, त्यात मी नुकतीच कुठूनतरी सुटून आल्यासारखी. बाकी काही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुताराच्या घरातली खुर्ची मोडकी असली तर लोक हसतात, पण निदान खुर्ची असते.

यांना सांगितलं, मला एक फोटो हवा. नीट काढलेला, आणि न पुसलेला. हे लगेच हो म्हणाले, पण म्हणाले की हातात आहे ती लेन्स एकदा बरी होऊ दे, तिच्यानेच काढतो, तिच्याइतकी गोड लेन्स दुसरी नाही.

ती गोड लेन्स तोवर दोनदा येऊन गेली होती. नाटकांचे फोटो काढणाऱ्या एका मुलीची ती. नाटक चालू असताना फ्लॅश मारता येत नाही, नट एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे तिचं सगळं पोट त्या लेन्सच्या ऑटोफोकसवर. पहिल्यांदा आली तेव्हा लेन्स अंधारात नुसती पुढेमागे पळत होती. यांनी आतलं चिकट झालेलं तेल पुसलं, वीज नेणारे झिजलेले संपर्क बदलले, पळापळ थांबली. कोठीत वीसपैकी वीस. मुलगी खूश होऊन गेली आणि आठ दिवसांत परत आली. आता लेन्स झटकन थांबत होती, पण भलत्याच जागी. रंगमंचावर प्रत्येक चेहरा जरासा धूसर. यांनी पुन्हा उघडली, पुन्हा जोडली, कोठीत पुन्हा वीसपैकी वीस. पुन्हा आठ दिवसांत ती दारात.

बरं, ही एकटी असती तर गोष्ट वेगळी. गेल्या दोन वर्षांत नाटकवाल्यांच्या, लग्नाच्या हॉलवाल्यांच्या लेन्स अशाच अधूनमधून परतून येत होत्या. हे तोंडाने काही बोलत नसत. पण चिमटा धरलेला हात उजेडात धरून बघत बसलेलं मी यांना पाहिलं आहे. कंप आहे का, ते बघत होते. मी चहाचा कप ठेवून निघून यायची.

तिसऱ्या खेपेला ती मुलगी वैतागली नाही, हे तिचं मोठेपण. तिने यांना सांगितलं की तुमच्या कोठीत बरोबर येतं आणि माझ्या रंगमंचावर चुकतं, तर एकदा रंगमंचावरच येऊन बघा, दुपारी तालीम आहे. हे जायला तयार नव्हते. कंबर दुखते, काम पडलंय, अशी दहा कारणं सांगितली. भीती वाटतेय हे अकरावं कारण मला न सांगताच कळलं. मी ग्रंथालयातून अर्धी रजा काढली, माझा निळा स्वेटर अंगात घातला आणि यांना जवळजवळ ओढतच नेलं.

रंगमंचावर नाटकातलीच एक खुर्ची होती. हे म्हणाले, पापणी ओळखीची हवी, तूच बस. नट मंडळी बाजूला उभी राहून बघत होती. वर दिवे मंद केले. यांनी वीस फोटो काढले, पायरीवर बसून एकेक मोठा करून बघितला. वीसपैकी तीन.

यांनी लेन्सचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

“बास झालं आता,” हे माझ्याकडे न बघता म्हणाले. “हात गेला माझा. घरी गेल्यावर दारावरची पाटी काढतो.”

पाटी काढली तर हा माणूस दिवसभर करणार काय? दूध उतू घालवणार? मी मान खाली घातली, कारण डोळ्यांत पाणी येऊ पाहत होतं आणि समोर दहा परकी माणसं होती. मान खाली घातली म्हणून माझं लक्ष स्वेटरकडे गेलं. माझा निळा स्वेटर काळा दिसत होता. हाताने विणलेला, दर संध्याकाळी कोठीत अंगात असणारा स्वेटर. कोठीत तो निळाच दिसतो. इथे काळा. मी वर बघितलं. दिवे पिवळे होते.

आणि मग मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी हे बहिणीकडे गेले असताना कोठीतला दिवा गेला होता. तो जुना पिवळा दिवा होता. दुकानदार म्हणाला, तसले आता येत नाहीत, आणि त्याने पांढरा दिला. मी तो लावला, बटर पेपरचे चारही पदर जसेच्या तसे गुंडाळले, आणि सांगायचं विसरून गेले. कॅमेरा रंग आपोआप सुधारून घेतो, त्यामुळे यांना पडद्यावर फरक दिसला नाही. आणि हे कोठीत पडद्याशिवाय दुसरीकडे बघतात कुठे?

“अहो,” मी म्हणाले, “कोठीतला दिवा मी बदलला होता.”

“कधी?”

“दोन वर्षं झाली. पांढरा लावला. आधीचा पिवळा होता.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग वरच्या दिव्यांकडे. मग उठले आणि दाराकडे चालू लागले. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात बोलणी खाऊन घेतली. यांचा साधा ब्रश कुणी इकडचा तिकडे ठेवला तर घर डोक्यावर घेतात, आणि मी तर सबंध दिवा बदलला होता. पण घरात शिरल्यावर यांनी एवढंच विचारलं, की पिवळा दिवा कुठे मिळेल. माझ्या शिवणयंत्राला जुना बारका पिवळा दिवा आहे, तो मी काढून दिला. यांनी तो कोठीत बसवला. मी स्टुलावर बसले. वीस फोटो.

आणि मग हे असे मोठ्याने हसले, की शेजारीण तिच्या खिडकीत आली.

“कान,” हे म्हणत होते. “हे बघ. वीसच्या वीस वेळा कान.”

मी बघितलं. माझा चेहरा धुक्यात गेलेला आणि मागे डावा कान असा स्पष्ट, की कानातल्याचा खडा मोजून घ्यावा. पिवळ्या उजेडात कॅमेऱ्याचा अंदाज थोडा घसरतो, हे यांनी मला तेव्हा समजावलं. पांढऱ्या उजेडात जुळवलेली लेन्स पिवळ्यात चार बोटं मागे जाऊन थांबत होती. हातात कंप नव्हता. दोन वर्षं हा माणूस चुकीच्या दिव्याखाली अचूक काम करत होता. लेन्स दर वेळी तेवढीच चुकत असेल तर ती सुधारता येते, असं म्हणून यांनी बर्फाचा ट्रे पुढे ओढला. माझा जीव भांड्यात पडला. आणि दिव्याबद्दल मला आजतागायत कोणी बोललेलं नाही, तेव्हा मीही तो विषय काढत नाही.

लेन्सच्या कड्याखाली कागदाहून पातळ चकत्या घालून, काढून, परत घालून यांनी तीन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या संध्याकाळी मी स्टुलावर, दिवा पिवळा, घुर्र नाही की घर्र नाही. हे नेहमीसारखे पापणीपर्यंत पोचले. “वीसपैकी एकोणीस. एकदा तू डोळा मिटलास.” बोट पुसायच्या बटणावर गेलं.

माझा फोटो, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण बोट तिथेच थांबलं. यांनाही आठवलं असावं. हे फोटो लहान करत मागे आले. पापणीवरून डोळ्यावर, डोळ्यावरून चेहऱ्यावर, मग स्वेटरसकट सगळी मी. बराच वेळ बघत होते.

“तू अशी बघतेस माझ्याकडे?”

“अशी म्हणजे कशी?”

“हसून.”

“वीस वर्षं,” मी म्हणाले. “स्टुलावर बसून दुसरं काय करणार?”

यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो या वेळी खरोखरच डोळ्यांवर होता. मला तर रडूच आलं. कोठीत दोघंच होतो, म्हणून मी ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी फोटो मोठा करून आणला. मी तो पिशवीत घालायला गेले, तर हे म्हणाले की हा ग्रंथालयात द्यायचा नाही, इथे टेबलासमोर लावायचा. मी विचारलं, शनिवार उद्यावर आलाय, मग मी भिंतीवर काय लावू? तर यांनी मान खाली घालून दुसरं पाकीट पुढे केलं. त्यात धुक्यातला चेहरा आणि स्पष्ट कान. मी भांडणार होते. शब्दही जुळवले होते. पण मग टेबलासमोर आधीच ठोकलेला खिळा दिसला, आणि मी पाकीट घेऊन निघाले.

मुख्य ग्रंथपाल बाईंनी फोटो आधी लांब धरला, मग जवळ, आणि मग त्यांना खुर्चीवर बसावं लागलं इतक्या हसल्या. वाचनालयाच्या त्या टोकाला कोणी कुजबुजलं तरी या टोकाला मी मान वर करायची, हे तिथल्या प्रत्येकाला सोसावं लागलं आहे. त्या म्हणाल्या, हाच लावणार, सगळे बरोबर ओळखतील. तेव्हा जिन्याजवळ आता आठ चेहरे आणि एक कान आहे.

नाटकवाल्या मुलीची लेन्स परत आली नाही. दारावरची पाटी जागेवर आहे, नुसती पुसली आहे. कोठीत दोन दिवे झाले, एक पांढरा, एक पिवळा, म्हणजे मला आता स्टुलावर चाळीस फोटो. ते अजूनही सगळे पुसले जातात. फक्त हल्ली पापणी बघून झाली की हे फोटो लहान करतात, सगळी मी दिसेपर्यंत मागे येतात, बघतात, आणि मगच पुसतात. एकेका लेन्सला दुप्पट वेळ लागतो. चहा गार होतो. मी काही म्हणत नाही.