फाटकाबाहेर गेलेलं पाणी

आमच्या गल्लीतला फरशीवाला तोंडाचा फटकळ, हाताचा पक्का. आमचं कधी पटलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी सरळ लिहीन की नाही, शंकाच आहे. माझ्यासकट सगळ्यांची अंगणं त्यानंच फरशीनं मढवली. काम संपलं की तो मगभर पाणी ओतायचा. ते सरळ फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं, की म्हणायचा, "बघा, थेंब राहिला तर नाव बदलीन!"

रस्ता उताराचा. तळाशी मी, आणि शेजारी त्याची धाकटी बहीण. पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं दुकान. नवरा गेल्यावर त्या एका मशिनवर तिनं घर चालवलं, मुलगी शिकवली.

पूर्वी पाऊस दिवसभर रिपरिपायचा. आता हवा जास्त तापते, जास्त वाफ धरून ठेवते आणि मग धबाधबा ओतते. तिच्या मुलीनं मला हे समजावलं. मी फरशीवाल्याला सांगितलं.

"मग आभाळाशी भांडा, काका," तो म्हणाला. "माझ्या उताराला नावं ठेवू नका."

यंदा पाणी दुकानात शिरलं. मशिनची मोटर जळाली, गिऱ्हाइकांचे कपडे चिखलात लोळले. फरशीवाला आला तो पहार आणि उतार बघायची पाणसळ घेऊनच. "उंबरा वीतभर उचलतो. पाणी शेजारी जाईल."

शेजारी म्हणजे मी. तिथेच उभा होतो.

"जन्मभर हेच केलंस, दादा. दुसऱ्याच्या दारात ढकलायचं! आधी तुझं अंगण उखड."

"डोकं फिरलंय का? लोक हसतील मला."

त्याचीच पहार उचलून ती चालू लागली. आम्ही मागे. त्याच्या अंगणातल्या, फाटकाजवळच्या फरश्या तिनं एकेक करून फोडल्या.

"अजून एक फोडलीस तर तोंड बघणार नाही तुझं!"

"दाखवू नकोस की!"

मग तिनं त्याचाच मग भरून उघड्या मातीवर ओतला. मातीनं पाणी पिऊन टाकलं. फाटकापर्यंत काही आलं नाही. तो त्या ओल्या जागेकडे बघत राहिला.

"एका अंगणानं काय होतंय? गल्ली पडलीये आख्खी!"

तिनं पहार त्याच्या पायाशी आपटली. "तीही तूच केलीस."

दोघांचं बोलणं अजून बंद आहे. परवा तो पहार खांद्यावर टाकून माझ्या फाटकाशी आला. चेहरा तसाच, फाडून खाईल असा.

"सरका बाजूला," म्हणाला.

मी सरकलो.