नाचणीच्या सत्त्वाचा वास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी — जिनं तोंड उघडलं की अख्ख्या पेठेला ऐकू जातं, जिच्या तांबड्या रश्श्याच्या वासानं रंकाळ्यातले मासे काठाला येतात असं मी स्वतःच सांगत फिरते — ती मी या एका गोष्टीवर मात्र गप्प बसले.

माझी धाकटी जाऊ शारदा. नेसरीकडची, लिंगायताची. प्रेम करून आमच्या मटणखाऊ घरात आली. मला ती आवडली नाही. का? भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायचीच नाही. कोपऱ्यात आपली वेगळी शेगडी, वेगळी पातेली — आणि त्यावर तिच्या वर्षभराच्या ओंकारसाठी उकडलेला भोपळा, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, फडक्यातून गाळायची, तळाला बसलेलं उन्हात वाळवायचं. चार दिवस! चार दिवसांत मी दोन लग्नं उरकून आले असते.

पण पोरगं गुटगुटीत झालं. आणि माझ्या जेवणाला जन्मात कधी बरं न म्हणालेल्या सासूबाई शेजारणींना सांगायला लागल्या, "धाकटीच्या हाताला गुण हाय."

झोंबलं. कसं, ते सांगू? मिरची डोळ्यात गेली तर माणूस निदान रडून मोकळा होतो.

एका रविवारी शारदा भाजी आणायला गेली होती. ओंकार माझ्यापाशी. मटण शिजत होतं. मसाला पडायच्या आधी मटणाचं जे पाणी काढतात ते अळणी — आमच्याकडे लहान पोरांना तेच पाजतात. मी त्याला वाटीभर पाजलं. मायेनं? छे. तिच्या पोराच्या पोटात माझं काहीतरी जावं म्हणून. आणि मग आणखी एक वाटी.

दुपारी उलट्या, जुलाब. संध्याकाळी सलाईन. अळणीनंच झालं का? माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंय? शारदा म्हणाली, सत्त्व. आणि मी — मला कुणी विचारलंही नव्हतं —

"त्या सत्त्वाला कालपासनं आंबूस वास मारतोय. बुरशी बघितलीया की मी! हिरवीगार!"

हिरवी. रंग कुठून सुचला? थाप मारायची तर रंगवून, ही माझी जुनी खोड.

तिसऱ्या दिवशी पोर घरी आलं. सासूबाईंनी सत्त्वाचा डबा मोरीत उलटा केला. "मारत हुतीस की गं पोराला," म्हणाल्या. शारदा रिकामा डबा नाकाशी धरून वास शोधत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? नाक मुरडलं.

सहा वर्षांनी तिला मुलगी झाली. पुन्हा नाचणी भिजली, पुन्हा फडकी वाळत पडली. पण आता प्रत्येक वेळी ती डबा घेऊन माझ्याकडे यायची — माझ्याकडे! "अक्का, जरा वास बघा की. मला कळत न्हाय."

मी डबा हातात घ्यायचे. तिला ताटकळत उभी करायचे. दोनदा हुंगायचे. बहुतेक वेळा म्हणायचे, "चालंल."

आणि कधी कधी — सत्त्व अगदी ताजं, गोडसर वासाचं असताना — म्हणायचे, "टाक."

ती टाकायची.