गुळाचा वास

पुतण्याच्या पोरीचा साखरपुडा शिरोलीजवळच्या हॉटेलात होता. माझ्यापुढं ग्लास आला. आंबवलेला गूळ, आलं, बर्फ, वर संत्र्याची साल. "तात्या, गावरान कॉकटेल हाय, आपल्या मातीतलं. चव बघा की," पुतण्या म्हणाला. नाकाशी नेला आणि तोच वास आला.

तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोचा भाऊ हातभट्टीची पिऊन मेला. तिसरा दिवस उरकून ती थेट ओढ्याकाठच्या भट्टीवर गेली, मी मागोमाग. भट्टीवाला हसला. "वैनी, आमी काय त्येच्या तोंडात वतली व्हय?" तिनं आंबलेल्या गुळाचं मडकं लाथेनं आडवं केलं. कोमट, पिवळा फेस तिच्या पायांवरनं भट्टीवाल्याच्या चपलांपर्यंत गेला.

"आता चाट," ती म्हणाली.

तेव्हा वाटलं होतं, ही घाण गावातनं कायमची गेली. आज तीच घाण बर्फ घालून परत आली. ते बघायला बायको राहिली नाही, यंदाच्या दिवाळीआधीच वारली.

मी ग्लास टेबलावर आडवा केला.

"तात्या, अवो माझी कापडं नवी हायती की," पुतण्या ओरडला.

"चाट," मी म्हणालो.