दिसायला लावलेले गज

आमच्या मुळशीत घर बांधलं की गच्चीच्या चारही कोपऱ्यांतून लोखंडी गज वर काढून ठेवतात. पुढेमागे मजला चढवायचा असतो म्हणून. तो चढतो की नाही ही पुढची गोष्ट; गज मात्र वर्षानुवर्षं गंजत उभे असतात. सोयरीक जमवायला आलेली मंडळी उंबऱ्यात पाऊल ठेवण्याआधी वर बघतात. गज दिसले की घर कॉलमवर उभं आहे, म्हणजे पक्कं आहे, असं धरून चालतात. मी याच भागात लहान घरांची इंजिनियर म्हणून कामं बघत केस पांढरे केले, आणि गच्चीवरच्या गजांवर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही.

भरे गावातल्या त्या घरी मला बोलावलं ते घरच्या मुलीने. वडील जवळच्याच कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. मुलगी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबून ती कंटाळली होती आणि आता घरातच स्वतःचा दवाखाना काढणार होती. त्यासाठी पुढच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली करायची, असं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी भिंत फोडायचं मशीन यायचं होतं. "मॅडम, फक्त एकदा बघून हो म्हणा," ती फोनवर म्हणाली. फक्त बघून हो म्हणायची मला सवय नाही, हे बिचारीला माहीत नव्हतं.

गेले. जयभीम झाला, पाणी झालं. ठेकेदार कमरेवर हात ठेवून उभाच होता.

"घर कॉलमवर हाय मॅडम. वर गज बघा की. ही भिंत म्हंजे नुसता पडदा."

मी भिंत मोजली. नऊ इंच भरली. एवढा जाड पडदा मी आजवर कुठे पाहिला नव्हता, आणि तसं मी त्याला सांगितलंही. मग बाहेरच्या कोपऱ्याशी गेले. तिथे कॉलमसारखा फुगवटा होता. त्यावर हातोडी मारली. काँक्रीट ठणकन वाजतं. हे बद्द वाजलं.

"इथे खड्डा काढा," मी म्हणाले. "पायापर्यंत."

ठेकेदार हसला. घरमालकांना मात्र ते लागलं. "माझ्या थोरल्या भावानं बांधलंय हे घर," ते म्हणाले. "ह्या भागात त्याच्यासारखा गवंडी न्हाई." तो थोरला भाऊ शेजारच्याच घराच्या ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होता. सत्तरीचा, सडसडीत माणूस. मी म्हटलं, खड्डा काढल्याशिवाय माझी सही नाही.

खड्डा निघाला. खाली दगडी पाया सरळ एका ओळीत गेला होता. कॉलमसाठी कोपऱ्यात वेगळा पाया लागतो, तो नव्हताच. फुगवट्याचं प्लास्टर छिन्नीने उडवलं तर आत विटा. शेवटी गच्चीवर जाऊन एका गजाभोवती खोदलं. गज स्लॅबच्या जाडीतच वाकवून संपवलेला होता, खाली भिंतीत उतरलाच नव्हता.

"पडदा नाही हा," मी खाली येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. "छताचा अर्धा भार ह्या भिंतीवर आहे. ती गेली की छत तुमच्या डोक्यावर."

घरमालकांनी भावाकडे बघितलं. तो ओट्यावरून उठून खड्ड्याजवळ आला.

"तूच म्हणला व्हतास, समद्यांच्या घराला गज हायेत, आपल्या का न्हाईत. तवर पाया झालेला, भिंती झालेल्या. स्लॅब टाकताना मी गज रोवले. फसवायला न्हाई, दिसायला."

"मग मला का न्हाई सांगितलंस, दादा?"

"तू लई खूश व्हतास."

खरं सांगायचं तर गवंडी उत्तम होता. पायाचा एकेक दगड पारखून बसवलेला, भिंती ओळंब्यात सरळ. ते घर भिंतींवर आणखी कित्येक वर्षं सुखाने उभं राहील, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. भिंत राहू द्यायची, तिच्या मधोमध चार फुटी दार काढायचं, वर बीम टाकायचा आणि काम होईतो छताला लोखंडी टेकू द्यायचे. मुलीने आधी तोंड वाकडं केलं. मग दोन्ही खोल्यांतून चालून आली आणि म्हणाली, "बायकांसाठी आत वेगळी खोली लागणारच होती. झालं की." ठेकेदाराला मी मशीन रद्द करायला लावलं आणि त्याच्याकडचे टेकू लगेच टेम्पोने मागवून घेतले. अशा दिवशी मला स्वतःबद्दल फार बरं वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

गाडीचं दार उघडत होते तेव्हा थोरला भाऊ मागून आला.

"असे गज मी अजून एका घराला लावलेत."

"कुणाच्या?"

"कासारसाईकडं. माझ्या लेकीच्या सासरी." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "गेल्या साली किराणा दुकान काढायचं म्हणून त्यांनी मधली भिंत काढली. व्याह्यांनी मला इचारलं व्हतं, काढू का म्हणून. सोयऱ्यांसमोर कसं सांगायचं, गज खोटे हायेत? मी म्हणलो, काढा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"छताला भेग गेलीया. जावयानं पुट्टी भरली, ती परत उघडली. लेक दिसभर तितंच गल्ल्यावर बसती."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. इतका सुरेख पाया घालणाऱ्या हाताने हे करावं? मी ओरडून ठेकेदाराला होते तेवढे टेकू टेम्पोत भरायला सांगितलं आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "फोन लावा."

"तुमीच लावा मॅडम. इंजिनियरचं ऐकत्याल."

"काढा असं तुम्ही म्हणालात. आता तुम्हीच सांगा."

धाकटा भाऊ जवळ येऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने खिशातून फोन काढून लावला.

"व्याही, दुकान बंद करा. समद्यांस्नी भाईर काढा, माझ्या लेकीला बी." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "गज खोटे हायेत. मीच लावलेत. भिंत काढा म्हणलो तवाबी मला ठावं व्हतं."

पलीकडून आवाज चढला. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. त्याने फोन कानापासून हलवला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "बोला काय बोलायचं ते. पर आधी भाईर या."